दादाची गादी

"घरी यायला सामान बांधून ठेवलेला माणूस रात्री गच्चीवर कशाला जाईल?"

धाकट्या भावाने हे रेक्टरना विचारलं, पोलिसांना विचारलं, दादाच्या खोलीतल्या पोरांना विचारलं. सगळे खाली बघायचे. तुम्ही हसाल पोरांनो, पण हे आपल्या होस्टेलच्या आधीच्या वॉचमनकाकांच्या डोळ्यांसमोर घडलंय. याच जिन्यावर.

दादा गच्चीच्या कठड्यावरून पडून गेला तेव्हा सुट्टी लागलेली. सगळ्यांच्या ट्रंका, वळकट्या जिन्याखालच्या खोलीत रचल्या होत्या, त्यातच त्याचीही. आई तेव्हापासून उघड्या फरशीवर झोपत होती. म्हणायची, "त्याचं अंथरूण घरी येऊ दे, मग बघू."

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. रात्री अकराला धाकटा मालकाचा टेम्पो घेऊन फाटकाशी हजर.

"सकाळी ये की रे," काका म्हणाले. "गादी काय पळून जाणार आहे?"

"आत्ताच नेणार."

शाळा अर्ध्यात सोडून गोण्या वाहणारा पोरगा तो. वजन त्याला खांद्यानेच कळायचं. त्याने दादाची वळकटी पाठीवर घेतली. कापसाचीच ती. हलकी.

फाटकाकडे निघाला... आणि डाव्या खांद्यावर थाप पडली.

तो थिजला. लहानपणी तो दादाच्या पाठीवर बसायचा. डावी थाप म्हणजे डावीकडे वळ. उजवी म्हणजे उजवीकडे. दोन्ही खांद्यांवर एकदम, म्हणजे उतरव. हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

डावीकडे जिना होता.

"अरे, तिकडे कुठे?" काका मागे धावले. तो चढतच राहिला. मजल्यामागून मजला वळकटी जड होत गेली. गोणीएवढी. मग माणसाएवढी.

गच्ची. थाप... उजवी.

उजवीकडे कठडा.

"दादा, पुरे."

पुन्हा थाप.

गुडघे कठड्याला टेकले. खाली काळोख.

"दादा... आई फरशीवर झोपते रे."

...

मग दोन्ही खांद्यांवर. एकदम. हळूच.

त्याने वळकटी उतरवली, दोरी सोडली, गादी अंथरली. मधोमध खळगा पडला. पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेल्या माणसाचा. तो खळगा अजून भरून आलेला नाही म्हणतात.

धाकट्याने गादी पुन्हा गुंडाळली नाही. तशीच पसरलेली, दोघांनी दोन टोकं धरून, खाली आणली. वजनाने काकांचे हात भरून आले. गादी टेम्पोत ठेवून धाकट्याने वर चादर घातली.

पण इंजिन चालू केलं नाही. दादाची झोप मोडू नये म्हणून त्याने टेम्पो हातांनी ढकलत फाटकाबाहेर नेला.