चौदा ओळींचं वाक्य

यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. ज्याला सोपं लिहिता येत नाही त्याला विषयच कळलेला नसतो, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचो. त्यामुळे स्वतःचं मृत्युपत्र करायला टायपिस्टकडे गेलो आणि त्याच्या नमुन्यातलं पहिलंच वाक्य चौदा ओळींचं निघालं, तेव्हा माझं डोकं फिरलं. उपरोक्त, तदनंतर, सबब. पूर्णविरामाचा पत्ता नाही. टायपिस्ट म्हणाला, यातला एक शब्द हलवायचा नाही, नाहीतर आधीचं मृत्युपत्र रद्द होत नाही. माझं आधीचं कुठलं नव्हतंच, म्हणून मी हसून सोडून दिलं. घर मुलीला. साक्षीदार म्हणून त्याने आणि शेजारच्या चावीवाल्याने सह्या केल्या. ज्याला मिळणार त्याचीच साक्ष घेतली तर कागद बाद, एवढं मात्र त्याने सरळ भाषेत सांगितलं.

घरी येऊन पुन्हा वाचलं. मुलगी माझ्याआधी गेली तर काय, असं एक कलम त्यात होतं. आता तिथे ती वारल्याचं लिहिलं होतं. पुढे उद्याची तारीख.

दुसऱ्या दिवशी नवा कागद केला, शब्द न शब्द तपासून घेतला. घरी येईपर्यंत पुन्हा तेच, तारीख फक्त एक दिवस पुढे. मी तो जाळला. सकाळी तो कपाटात होता, घडीसकट.

मग मी हट्टाला पेटलो. घरीच चार सोप्या ओळी लिहिल्या, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. साडेचारला मुलीचा कामावरून फोन आला.

"बाबा, मला श्वास पुरत नाहीये."

मी धावत टायपिस्टकडे गेलो आणि त्या चौदा ओळींचा कागद करून घेतला. सही झाली तसा तिचा पुन्हा फोन. आता बरं वाटतंय, ऊन लागलं असेल, म्हणाली.

तेव्हापासून मी रोज जातो. नवा कागद जुना रद्द करतो आणि तिला एक दिवस मिळतो. टायपिस्ट मला वेड्यात काढतो. मुलीला मी काही सांगितलेलं नाही. मला फार भीती वाटते.

आज ती रजा टाकून माझ्याबरोबर आली. माझी रया गेलेली तिला बघवत नव्हती. साडेचार व्हायला आले होते. मी सही केली, टायपिस्टने केली, पण चावीवाला जागेवर नव्हता. त्याला शोधायला मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

परत आलो तेव्हा टायपिस्ट आत शिक्का शोधत होता. मुलगी पेनाला टोपण लावत होती.

"कशाला उन्हात फिरताय बाबा? मीच केली की सही."

साक्षीदार क्रमांक दोन. म्हणजे हा कागद बाद. म्हणजे कालचा कायम, आणि कालच्या कागदावर आजची तारीख.

"दुसरा कागद घाला," मी टायपिस्टला म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

तो कुरकुरत बसला.

मुलीने गळ्याजवळचं बटण सोडलं.

"इथे खिडकी नाही का हो?"

टायपिस्टने कागद चढवला, नमुना समोर ठेवला, चष्मा पुसला.

पहिलं वाक्य चौदा ओळींचं आहे.