सहावं कार्ड

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी स्वतः तिथे होतो.

माझ्या थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. जून महिना, भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरची काचेची मीटिंगची खोली.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या ऑफिसात मी चहा द्यायचो. भाचा तिथला साहेब, त्यानंच मला चिकटवलं होतं. म्हणून सगळे मला मामाच म्हणायचे.

त्यांची एक पद्धत होती. नवं काम आलं की ते आधीच्या कामांच्या मानानं किती जड, ते ठरवायचं. प्रत्येकानं आकड्याचं एक कार्ड पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्यानं का ते बोलायचं.

एक जण नेहमी मोठं कार्ड टाकायचा. भाच्यानं त्याचं नाव पाडलं होतं जडराव. याला उंदीरसुद्धा हत्ती दिसतो, असं चारचौघांत म्हणायचा. एका कामाला जडरावानं शंभर टाकलं. भाच्यानं दमदाटी करून तीनवर आणलं आणि काम त्याच्याच गळ्यात मारलं.

मे महिन्यात जडराव खुर्चीतच गेला.

काम अर्धवट राहिलं. भाच्यानं वरच्यांना शब्द दिला होता. ते झालं नसतं तर त्याची नोकरी गेली असती. म्हणून त्यानं ते पुन्हा टेबलावर घेतलं. आज रडगाणं नको, असं आधीच बजावलं.

माणसं पाच.

कार्डं उलटली... सहा.

पाचांवर तीन. सहाव्यावर शंभर.

ते रिकाम्या खुर्चीपुढे होतं.

हा चावटपणा कुणाचा, म्हणून भाच्यानं एकेकाला झापलं. कार्डं गोळा करून स्वतःच्या हातानं वाटली.

पुन्हा सहा...

मग तो नको ते बोलला.

"ठीक आहे. मोठं कार्ड ज्याचं, त्यानं बोलावं."

एसीची घरघर थांबली.

टेबलावर नखाची टकटक झाली... बोलण्याआधी जडराव करायचा तशी.

आम्हाला पुढे काहीच ऐकू आलं नाही. भाचा मात्र ऐकत होता. मान हलवत होता. चेहरा पांढराफटक.

बाहेर आल्यावर मी त्याचा दंड धरला.

"काय म्हणाला रे?"

"म्हणाला, तीनच आहे ना? मग आता तू कर. मी मागे बसून बघतो."

त्या दिवसापासून भाचा कामावरून उठेना. जेवायला नाही, झोपायला नाही. बहीण येऊन रडली. मी म्हटलं, खड्ड्यात गेली ती नोकरी, चल घरी.

"उठायला लागलो की खांदा दाबतो, मामा."

मी त्याच्या मागे पाहिलं. कुणी नव्हतं...

शर्ट मात्र खांद्यावर चुरगळलेला होता.

मी ते ऑफिस सोडलं. त्या रस्त्यानं जावं लागलं तर वर बघत नाही. काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

माझा भाचा त्याच जूनच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी गेला. छत्तीस वर्षांचा होता.