त्याला एकदा बसव गाडीत

बसा. लाईट यायची तेव्हा येईल. तोवर सांगतो, पण मधे कुणी मोबाईलचा उजेड पाडायचा नाही. आणि ही ऐकीव गोष्ट नाही बरं का. नंदीश आपल्याच खालच्या मजल्यावर राहतो. जिन्यात भेटला तर विचारून बघा. सांगणार नाही म्हणा. मलाही त्यानं एकदाच सांगितलं, आणि तेसुद्धा भर दुपारी.

नंदीश कॉलेजात क्लार्क. बायको इंद्रायणी वैरागच्या शाळेत शिकवते. लग्न झाल्यापासून तिची इथनं, सोलापुरातनं, एसटीनं ये-जा चाललेली. मग तिला दिवस गेले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे एसटीचे हादरे आता बंद करा. म्हणून नंदीशनं गाडी घेतली. छोटी, निळ्या रंगाची, जुनी. बार्शी रोडला सयाजी नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं, त्याच्याकडूनच घेतली. सयाजी म्हणाला, "सर, डोळे झाकून न्या. मी सोता जोडलीय."

आता ती गाडी कशी होती म्हणाल, तर लहरी. चांगली पळता पळता मधेच धक्का खायची आणि गप्प व्हायची. सेल्फ मारला की नुसतं कुर्रर्र. सयाजीनं प्लग बदलले, कॉईल बदलली, फ्यूल पंप बदलला, बॅटरीसुद्धा बदलून झाली. शहरातल्या दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर लावून बघितलं आणि सांगितलं, साहेब, गाडीत काही दोषच नाही. नंदीशनं मग डिकीत गाडी ओढायला टोचनाचा दोर ठेवला, पाण्याचा कॅन ठेवला, रस्त्यात खाली आडवं व्हायला एक पोतं ठेवलं. वैरागच्या रस्त्यावरचे सगळे चहावाले त्याला नावानं ओळखायला लागले.

गंमत म्हणजे इंद्रायणी गाडीत असली की ती कधीच बंद पडायची नाही. शेजारी बसलेली असो की स्टेअरिंगवर असो. ती हसायची. म्हणायची, "तुम्हाला चालवता येत नाही, गाडीला कशाला नावं ठेवता?"

आणखी एक गोष्ट होती, पण ती नंदीशच्या ध्यानात फार उशिरा आली. सयाजी बॉनेट उघडायचा, खाली शिरायचा, हात काळे करून घ्यायचा. पण गाडीत कधी बसायचा नाही. "सर, तुमी सेल्फ मारा," म्हणायचा. "सर, तुमीच एक चक्कर मारून बघा."

तर ती रात्र. दोन हजार तेवीस साल, कार्तिकातली अमावस्या, मंगळवार. गोष्टीत रंग भरायला मी अमावस्या घालत नाही, कॅलेंडर काढून बघा. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती, इंद्रायणीला उशीर होणार होता, म्हणून नंदीश ऑफिस सुटल्यावर तिला आणायला निघाला. थंडी पडायला लागलेली. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या. वडाळ्याच्या अलीकडं एक बैल रस्त्यात आडवा आला. यानं हॉर्न वाजवला. बैल बाजूला झाला आणि गाडी बंद पडली.

रस्त्याला लागूनच एक घर होतं. पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. दिवेलागण झाली होती. दारातून एक म्हातारी बाहेर आली. अशी तशी नाही, धावतच आली. नंदीशकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. गाईच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "दमलीस का गं?"

"आजी, कुणाशी बोलताय?"

"रंग बदलला म्हनून काय झालं?" म्हातारी म्हणाली. "हॉर्न त्योच हाय. रोज सांजच्याला ह्याच हॉर्ननं मला हाक मारायची. माझी दुर्गा."

म्हातारीचं नाव बजाबाई. दुर्गा तिची एकुलती लेक, अंगणवाड्यांची सुपरवायझर. गावोगाव फिरायला तिनं ही गाडी घेतली होती. तेव्हा पांढरी होती.

"ब्रेकचं पेडल खाली जातंय म्हनून तीनदा दाखवली तिनं त्या सयाजीला. त्यो म्हनला, नवीन पार्ट टाकलाय, बिनघोर जावा. जुनाच धुऊन बसवला हुता मेल्यानं. त्याच रात्री उसाच्या ट्रॉलीखाली गेली माझी पोरगी." बजाबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "पोलिसांत गेले. ते म्हनले, पुरावा कुटं हाय? आन गाडी तर भंगार म्हनून त्यानंच उचलून नेलेली. पुरावा त्याच्याच दारात. त्यानं खोलला, धुतला, रंगवला आन तुला इकला."

ज्या गाडीत दुर्गा गेली, त्याच गाडीत इंद्रायणी बसत होती. पोटावर हात ठेवून बसायची ती, खड्डा आला की.

"मग ही मला का छळतेय, आजी? मी काय केलंय?"

"तुला कुटं छळतीय? गाडी बंद पडली की तू कुनाकडं जातूस?"

"सयाजीकडं."

"मग?"

नंदीशनं बॉनेटकडं बघितलं.

"त्यो बसतू का हिच्यात?" बजाबाईनं विचारलं.

आणि तेव्हा, पोरांनो, तेव्हा नंदीशच्या ध्यानात आलं. एकदाही नाही. चार महिन्यांत एकदाही नाही.

"त्याला एकदा बसव गाडीत," बजाबाई म्हणाली. "लई न्हाय. एकदा."

"आणि बसवला तर काय होईल?"

बजाबाई तशीच वळली, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

नंदीशनं इंद्रायणीला फोन केला. "आज तिथंच राहा, तुझ्या मैत्रिणीकडं. मी येत नाही. काय झालं ते उद्या सांगतो." मग गाडीत बसला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. सोलापूरकडं वळवली तर अशी पळायला लागली, जशी काही तिलाच घाई झालीय.

आधी त्याला भीती वाटत होती. कारंब्याच्या पुढं आला तोवर भीती उरली नव्हती. राग होता. तसा तो गरीब स्वभावाचा माणूस, ऑफिसात शिपायालासुद्धा अहो म्हणतो. पण त्या रात्री दात आवळून आवळून त्याचा जबडा दुखायला लागला होता.

गॅरेजवर दोनतीन गिऱ्हाइकं चहा पीत उभी होती. सयाजी हात पुशीत पुढं आला.

"काय सर, पडली वाटतं बंद?"

"नाही. झकास पळतेय. दुर्गा कोण रे, सयाजी?"

सयाजीच्या हातातलं फडकं थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.

"कोन दुर्गा? गिऱ्हाइकं लई असत्यात, सर."

"ही गाडी जिची होती ती. जिला तू नवा पार्ट टाकला म्हणून सांगितलंस."

चहा पिणाऱ्या माणसांनी माना वळवल्या. सयाजी हसला. "कुनीतरी डोकं भरवलंय तुमचं. गाडी एक नंबर हाय."

"मग चालवून दाखव."

"तुमीच चालवा की. मी हाय शेजारी..."

"नाही. तू चालव. वैरागपर्यंत. या सगळ्यांसमोर म्हणतोय मी. ही गाडी चालवायला भितोस का?"

गिऱ्हाईक म्हणजे पोटाचा प्रश्न. सगळे बघत होते. सयाजीनं फडकं खांद्यावर टाकलं. गाडीकडं बघितलं. खूप वेळ बघितलं.

"चला," म्हणाला.

नंदीश मला म्हणाला, काका, तो दार उघडून आत बसला ना, तेव्हा गाडी जराशी खाली बसली आणि इंजिन सुरू झालं. किल्ली त्यानं फिरवली की आधीच झालं, ते मला सांगता येणार नाही.

गाव मागं पडलं. गाडी लोण्यासारखी चालत होती. ना धक्का, ना आवाज. सयाजीला धीर आला. शिट्टी वाजवायला लागला. कारंबं गेलं. पुढं अंधार. दोन्हीकडं ऊस, आणि मधून एकच रस्ता, हेडलाईट पडेल तेवढाच.

"बघा," सयाजी म्हणाला. "हाय का काय दोष?"

"आणि दुर्गाच्या वेळी?"

सयाजीनं शिट्टी थांबवली. मग मान उडवून म्हणाला, "खरं सांगू का, सर? त्या बाईला गाडीच चालवता येत न्हवती. हाकनाक माझं नाव खराब झालं."

गाडीनं एक धक्का खाल्ला.

आणि बंद पडली.

हेडलाईट चालू होते. सयाजीनं सेल्फ मारला. कुर्रर्र. पुन्हा मारला. कुर्रर्र. त्याच्या कपाळावर घाम आला होता. डिसेंबरात.

"उतरा सर. जरा धक्का मारा."

नंदीश उतरला. मागं गेला. डिकीवर हात ठेवला. हात झटकन मागं घेतला. पत्रा गरम होता. इंजिन पुढं, आणि गरम मागचा पत्रा. ताप आलेल्या अंगासारखा.

खट्.

चारी दारं लॉक झाली.

आत दिवा लागला.

मागच्या काचेतून नंदीशला सयाजी दिसत होता. तो दाराचं हँडल ओढत होता. मग थांबला. त्याची मान डावीकडं वळली. रिकाम्या सीटकडं. जिथनं नंदीश आत्ताच उतरला होता.

"न्हाय..." सयाजी म्हणाला. काच बोटभर उघडी होती, ऐकू येत होतं. "न्हाय ताई... तसं न्हाय..."

आणि गप्प. कुणीतरी बोलत असावं आणि हा ऐकत असावा, असा गप्प.

"पार्ट मिळत न्हवता ताई... दोन दिसांनी येनार हुता... मला वाटलं, तेवढं दोन दिस निघत्याल..."

पुन्हा गप्प.

"व्हय," सयाजी म्हणाला. "जुनाच हुता."

मग एकदम काचेवर थाडथाड हात आपटायला लागला. "सर! दार उघडा! सर, काच फोडा!"

नंदीशच्या पायाशी दगड होता. मुठीएवढा. त्यानं उचलला. हात वर नेला...

आणि त्याला इंद्रायणी दिसली. पोटावर हात ठेवून, त्याच गाडीत बसलेली.

हात वरच राहिला.

फक्त एवढंच झालं, पोरांनो. क्षणभर हात वर राहिला.

गाडी सुरू झाली.

धक्का नाही, कुर्रर्र नाही. हळूच पुढं सरकली. मग वेगात. नंदीश मागं धावला. "सयाजी! ब्रेक दाब! ब्रेक!"

मागचे ब्रेकचे लाल दिवे लागले. विझले. लागले. विझले. सयाजी दाबत होता. जीव खाऊन दाबत होता. गाडी थांबत नव्हती.

लागले... विझले...

मग लागलेच नाहीत.

पुढं रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नाही, काही नाही. माणसं जवळच्या टपरीवर भाकरी खात बसली होती.

आवाज झाला.

मग सगळं शांत. ऊससुद्धा हलत नव्हता.

टपरीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन धावली. नंदीश पोचला तोवर दगड त्याच्या हातातच होता. तो त्यानं उसात भिरकावला. गाडीची डावी बाजू ट्रॉलीखाली चेपली होती. उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या बाजूला, ओरखडासुद्धा नव्हता. दारं आतून लॉक. पोलीस आले, त्यांनी उजवी काच फोडली आणि हवालदारानं आत बॅटरी मारली.

"ड्रायव्हर कुठाय?" त्यानं विचारलं.

"सयाजीच चालवत होता," नंदीश म्हणाला.

"हा तर डाव्या सीटवर आहे."

सयाजी डाव्या सीटवर होता. पट्टा लावलेला. घट्ट, नीट लावलेला. गेला होता. डोळे उघडे.

टपरीवरच्या माणसांनी जबाब दिला, हे साहेब मागून पळत येताना आम्ही बघितले, आवाज झाला तेव्हा लांब होते. म्हणून नंदीश सुटला. कागदावर पोलिसांनी काय लिहिलं ते त्यांनाच माहीत. बजाबाईकडं तो पुन्हा गेला नाही. त्या रस्त्यानं जाताना एसटीत तो डोळे मिटून घेतो. मुलगी झाली, ती आता वर्षाची होऊन गेली.

पण त्या रात्रीचं एक राहिलं.

डावं दार उघडणं शक्य नव्हतं. उजवीकडून आत जाऊन सयाजीचा पट्टा सोडवायचा होता. हवालदार ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेला आणि त्याला बसताच येईना. गुडघे मावेनात. ती सीट पार पुढं ओढलेली होती. स्टेअरिंगला चिकटलेली. एखादी ठेंगणी बाई बसेल एवढीच जागा.

कसाबसा अंग चोरून तो आत शिरला. मान वाकवली. समोरच्या आरशात त्याची नजर गेली आणि तो तसाच मागं सरून बाहेर आला. पुन्हा आत गेला नाही.

नंदीशनं वाकून बघितलं.

आरसा मागच्या रस्त्यावर लावलेला नव्हता. खाली ओढून डावीकडं वळवला होता. त्यात फक्त सयाजीचा चेहरा दिसत होता... अगदी मधोमध.