कुणाची हरकत?

विश्वास ठेवायचा तर ठेवा. यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे घडलं आमच्या दाजींच्या बाबतीत, म्हणजे ताईच्या यजमानांच्या. आणि रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी.

दाजी बांधकामाचे मॅनेजर. स्वभाव मुळातच संशयी. दुकानदाराने एक लिंबू जास्त टाकलं तरी याच्या मनात काय आहे म्हणून घरी येईपर्यंत विचार करणार.

त्यांच्याकडे शाळेच्या नव्या इमारतीचं काम आलं. एरवी नकाशे काढणारे वेगळे, बांधणारे वेगळे, आणि भिंत चुकली की एकमेकांकडे बोट दाखवायला दोघेही मोकळे. इथे सगळ्यांची मिळून एकच टीम होती. आर्किटेक्ट बाई, इंजिनिअर, ठेकेदार, वायरमन, सगळे साइटवरच्या एका पत्र्याच्या खोलीत, एकाच टेबलाभोवती.

नियम दाजींनीच घातला होता. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येकाने तोंडाने म्हणायचं, "हरकत नाही." एकाचीही हरकत असली तर काम बंद.

पहिल्या स्लॅबचा दिवस. बाहेर काँक्रीटच्या गाड्या उभ्या.

"हरकत नाही," इंजिनिअर म्हणाला.

"हरकत नाही." ठेकेदार.

वायरमनही म्हणाला. बाईही म्हणाल्या.

आणि मग...

"हरकत आहे."

आवाज हळू होता. बाईंच्या खुर्चीकडून आला.

"कोण बोललं?" दाजींनी विचारलं.

कुणीच नाही.

काम थांबलं. टेकू तपासले, सळ्या तपासल्या. कुठे काही नाही. गाड्या परत गेल्या, आणि दाजींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्याच सकाळी जिन्यावरून बाईंशी त्यांची जुंपली होती. बाईंना जिना रुंद हवा होता, दाजींना काम वेळेत हवं होतं.

"साहेब, मला हरकत असती तर मी तोंडावर सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "लपूनछपून बोलायची मला सवय नाही."

दाजींना ते पटलं नाही. त्यांनी वर शब्द टाकला, बाईंना टीममधून काढलं आणि स्लॅब ओतून घेतला.

पुढच्या स्लॅबच्या वेळी बाईंची खुर्ची रिकामी होती. दाजींनी सगळ्यांचे मोबाईल काढून बाहेर ठेवायला लावले. दार लावून घेतलं.

सगळ्यांचं "हरकत नाही" झालं.

"हरकत आहे."

त्याच खुर्चीकडून.

"आता खुर्चीलाही वाचा फुटली वाटतं," ठेकेदार म्हणाला. कुणी हसलं नाही.

"कोण बोललं?" दाजी ओरडले.

पुन्हा तपासणी. पुन्हा काही नाही. शेवटी स्लॅब तसाच ओतला. त्या दिवसापासून टीम फक्त नावाला उरली. चहा पितानाही प्रत्येक जण दुसऱ्याच्या ओठांकडे बघायचा.

शेवटी इमारत शाळेच्या ताब्यात द्यायचा दिवस आला. तिथेही तोच नियम. दाजींनी स्वतः सगळ्यांत शेवटी म्हटलं, "हरकत नाही." आणि श्वास रोखून बसले.

काहीच नाही.

हुश्श केलं, सहीसाठी पेन उचललं, आणि...

"हरकत आहे."

या वेळी अगदी कानाशी. मानेला गार हवा लागली.

सगळ्यांनी ऐकलं होतं. पण सगळे टेबलाकडे बघत बसले. शाळा उघडायची तारीख ठरलेली. आवाज आला म्हणून इमारत देत नाही, असं सांगणार कुणाला?

दाजींनी सही केली.

रात्री त्यांनी बाईंना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दर वेळी विचारलंत कोण बोललं. हरकत कशाची आहे, हे एकदा तरी विचारलंत का?"

विचारलं नव्हतं.

त्यानंतर दाजी एकटे त्या इमारतीत जाऊन आले. प्रत्येक वर्गात उभं राहून मोठ्याने विचारलं, "कशाची हरकत आहे?"

कुणी उत्तर दिलं नाही.

माझी भाची त्याच शाळेत पहिलीला आहे. ताईनेच हट्टाने घातली. बाबांनी बांधलेली शाळा जवळ असताना दुसरीकडे कशाला? दाजींना कारण देता आलं नाही.

काल मी त्यांच्याकडे जेवायला होतो. भाची ताटात बोट फिरवत होती. मध्येच तिने मान वर केली.

"बाबा, हरकत म्हणजे काय?"

दाजींचा घास हातातच राहिला.

"कोण बोललं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. पुन्हा तेच.

"माहीत नाही. हजेरी संपली की मागून कुणीतरी म्हणतं. रोज."

ताई आत पोळ्या भाजत होती. तिला यातलं काहीच माहीत नाही. दाजींनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ताटाकडे बघत बसलो.

उद्या सकाळी भाचीची शाळा आहे.