परतीचे थांबे

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे तीन. बेलापूरजवळचं दिवाळे गाव, आमच्या घराचा वरचा मजला.

मी मितेश. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तयार पार्ट मापून पास-नापास करतो. संशय घ्यायचाच पगार मिळतो म्हणा ना. घरचे म्हणतात, हा प्रसादाच्या पेढ्यालाही माप लावेल.

प्रितम माझा चुलतभाऊ, शेजारच्याच घरात राहतो. आम्ही दोघं अंतराळाचा एक गेम खेळतो. त्यात अख्खी आकाशगंगा आहे. तिच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा बेत आम्ही आखत होतो. इंटरनेटवर एक शीट केली होती. बेचाळीस थांबे. कुठल्या ताऱ्यावर इंधन मिळतं, पुढची उडी किती लांब, सगळं त्यात लिहिलेलं. शीट उघडायची परवानगी फक्त आम्हा दोघांना.

तेवढ्यात प्रितमची आई, कमळीकाकी, चहा घेऊन आली. कशाचा बेत चाललाय म्हणून विचारलं. प्रितमने सांगितलं.

"जायाचं लिवलंस. येयाचं कुठं हाय?"

"आई, परत यायचं नाय. जहाज तिकडंच सोडायचं. गेम हाय तो."

काकी चहा ठेवून खाली गेली.

मला चूक कळली, पण उशिरा. आमच्या घरात होडी सोडताना 'जातो' म्हणत नाहीत, परत यायची वेळ सांगून निघतात. अमक्या भरतीला येतो, असं. अकरा वर्षांपूर्वी प्रितमचे वडील, जानूकाका, काकीशी भांडून निघाले. ते वाक्य सांगायचं राहिलं.

होडी सापडली. जाळं सापडलं. काका नाही.

काकीने अजून कुंकू पुसलेलं नाही. जो सापडला नाही तो मेला कसा, हे तिचं म्हणणं. दारातला दिवा ती आजही घालवत नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर शीट उघडली.

बेचाळीसच्या खाली एक नवी ओळ होती...

"परतीचा थांबा १. इथं पानी निवांत हाय."

पुढे ताऱ्याचं नाव. ओळ पडल्याची वेळ, दुपारी बारा दहा.

मी हसलो. म्हटलं, आईचं मन राखायला प्रितमने लिहिलं असेल.

मग मनात किडा वळवळला. प्रितम कधीच मराठी अक्षरांत टाईप करत नाही. 'काय रे' सुद्धा इंग्रजी अक्षरांत. आणि ती उडी मी मापली. एवढी लांब उडी आमच्या जहाजाला जमणारच नव्हती.

मंगळवारी दुसरी ओळ. बारा अठ्ठावन्न.

बुधवारी तिसरी. एक सेहेचाळीस.

प्रत्येक थांबा आधीच्यापेक्षा घराच्या, म्हणजे गेममधल्या आमच्या निघायच्या स्टेशनच्या, जवळचा.

गुरुवारी संध्याकाळी मी प्रितमला गाठलं. "'पानी निवांत हाय'? मेलेल्या बापाच्या नावाने खेळतोस? लाज वाटत नाही?"

त्याचा चेहरा उतरला. "दादा, आठ ते पाच माझा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो. तुला माहितेय."

मला माहीत होतं. तरी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

शुक्रवारी काकी ओट्यावर बोंबील साफ करत होती. मी सहज विचारलं, "काकी, रोज पाऊण तास पुढे काय सरकतं?"

तिने मान वर केली नाही.

"भरती."

पण संशय सुटला नाही. प्रितम कोळ्याचाच पोर, भरतीचं गणित त्यालाही येतं.

शनिवारपर्यंत सहा ओळी झाल्या, हिशोबाने सातवी रविवारी पाचच्या आसपास पडायची. म्हणून रविवारी मी त्याला समोर बसवलं. दोघांचे फोन बंद करून कपाटात. लॅपटॉप माझ्यापुढे. प्रितमचे दोन्ही हात टेबलावर. गेम बंद होता.

चार छप्पन्न.

बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. एकाएकी त्यांचा आवाज थांबला...

मग लॅपटॉपच्या स्पीकरमधून... टक टक टक. जुन्या होडीचं डिझेल इंजिन. लांबून येत होतं.

प्रितम पुटपुटला, "बाबा."

चार अठ्ठावन्न. अक्षरं उमटायला लागली. एकेक. सावकाश. जाड बोटांनी कुणी टाईप करावं तशी...

"परतीचा थांबा ७. बत्ती दिसते. कमलीला सांग, या भरतीला येतो."

काकीला 'कमली' फक्त काकाच म्हणायचे. तिथून घरचं स्टेशन एका उडीवर होतं.

मी घाबरलो. खरं सांगतो, फार घाबरलो. आणि घाबरलो की मला राग येतो. हा काहीतरी सॉफ्टवेअर लावून आपल्याला उल्लू बनवतोय, एवढंच डोक्यात आलं. मी शीट पुसली. कचरापेटीतूनही पुसली. प्रितम माझा हात धरत होता, तरी पुसली.

इंजिन बंद पडलं. हळूहळू नाही, एकदम.

मुलांचा आवाज परत सुरू झाला.

दारात काकी उभी होती. कधी आली कोण जाणे. तिला वाचता येत नाही. प्रितमने तिला शेवटची ओळ सांगितली, रडत रडत. मग मी काय केलं तेही सांगितलं.

काकी ओरडली नाही. माझ्याजवळ आली आणि कोऱ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

"मितेश, वाट पुसलीस... मंग तो आता कुठून येल?"



प्रितम त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. नवी शीट करून आठवत होते ते सातही थांबे मी पुन्हा भरले. खाली एक ओळ रिकामी ठेवली. भरतीची वेळ बघून रोज उघडतो. ती रिकामीच असते.

कुणी विचारलं तर मी अजून म्हणतो, प्रितमनेच केलं असणार.

कारण त्याने केलं नसेल, तर मी काय केलं... ते मला स्वतःशीही बोलवत नाही.