रांगेत शेवटची कोण?

ही माझ्या धाकट्या मावशीची हकिकत आहे. यात मी काडीचंही तिखटमीठ लावलेलं नाही. उलट दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या सांगताना मावशीला रडू आवरेना.

ती संध्याकाळ होती. रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते. मावशी शिलाईच्या कारखान्यातून सायकलवर घरी निघाली होती. गोदामांमागचं वळण घेताना ती पडली.

फारसं लागलं नाही. गुडघा सोलवटला, इतकंच.

पण तिच्या नवऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं. लेकीची नवी शाळा लांब होती. बस नाही, रिक्षा परवडायची नाही. सायकलच हवी.

"तुलाच धड चालवता येत नाही, पोरीला काय शिकवणार? त्यापेक्षा बसू दे घरी," तो म्हणाला.

मावशी हट्टाला पेटली.

सायकल दुरुस्तीवाले एक काका संध्याकाळी बायकांना शिकवायचे. चेन कशी चढवायची, ब्रेकचे रबर कधी बदलायचे, वळण्याआधी मान वळवून मागे कसं बघायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीची सायकल उलटी करून मागचं चाक फिरवलं.

"ताई, धडक कोणाची बसली?"

"कोणाची नाही हो. मी एकटीच होते."

काकांनी चाकाच्या वाकलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मागून कोणी आदळल्याशिवाय चाक असं वाकत नाही."

मावशीने ते हसण्यावारी नेलं.

काकांची एक पद्धत होती. सगळ्यांनी एकामागे एक रांगेत निघायचं. पुढचीने खड्डा बघितला की ओरडायचं, "खड्डा!" प्रत्येकीने ते मागे पोचवायचं. आणि सगळ्यात मागे असेल तिने म्हणायचं, "शेवटची!" म्हणजे पुढे कळतं, कोणी मागे सुटलेलं नाही.

मावशी नवखी, म्हणून ती शेवटी.

गोदामांचं वळण आलं.

"खड्डा!"

"शेवटची!" मावशी ओरडली.

आणि तिच्या मागून...

"शेवटची."

अगदी हळू.

मावशीने मान वळवली. रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच... शेवटी तिने घाबरत घाबरत काकांना सांगितलं. काका हात पुसता पुसता थांबले.

"मला वाटायचं, तुम्हीच दोनदा ओरडताय."

"कधीपासून ऐकताय?"

"तुम्ही आल्यापासून. आधी नव्हतं असं काही." मग ते म्हणाले, "ताई, आवाजावर विसंबू नका. दर वेळी वळून बघा."

दुसरी कोणी असती तर शिकणं सोडून दिलं असतं. पण लेकीच्या शाळेचा प्रश्न होता. मावशी शिकली, आणि लेकीलाही तिने शिकवलं.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. मावशी पुढे, लेक मागे.

"खड्डा!"

"शेवटची!" लेकीचा खणखणीत आवाज आला.

मावशीने कान टवकारले. त्यानंतर... काहीच नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. ती ओरडत राहिली, मागून उत्तर येत राहिलं. त्या आनंदात वळून बघायचं राहूनच गेलं.

शाळेच्या फाटकाशी ती उतरली. मागे वळली.

लेक नव्हती.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती आल्या वाटेने सुसाट निघाली. लेक गोदामांच्या वळणावर निवांत बसली होती. हात काळे झालेले. वाटेत चेन पडली होती, ती आता नीट चढवलेली होती.

"एकटी घाबरली नाहीस ना गं?"

"एकटी कुठे? तूच तर मागे उभी राहून सांगत होतीस. मागे बघू नकोस, चेनकडे बघ म्हणालीस."

मावशीने नवऱ्याला यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लेकीची शाळा त्याच दिवशी बंद झाली असती.

मग कारखान्यात तिला दिवसभराची पाळी लागली. लेक एकटी जाऊ लागली.

"भीती नाही ना वाटत?" मावशीने एकदा विचारलं.

"तू असतेस की मागे," लेक म्हणाली.

हे सगळं मावशीने मला काल सांगितलं. ती कारखान्यातून थेट आमच्याकडे आली होती. सांगून झाल्यावर मी तिला घरी सोडायला गेलो. लेक नुकतीच आली होती, नवरा जेवत होता. लेकीची सायकल आत घेताना माझ्या बोटांना काहीतरी लागलं.

चेनला तेल दिलेलं होतं. ओलं होतं अजून.

"सायकलला तेल कोणी दिलं गं?" मी सहज विचारलं.

नवऱ्याने ताटातून मान वर केली. लेकीने आईकडे बघितलं.

मावशीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मीच दिलं," ती म्हणाली.

ती सकाळपासून घरी आलेलीच नव्हती.