दहावा विहार

“ड्रायव्हर कुठेय?” त्याने मला विचारलं, तेव्हा मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते.

“तुमच्या समोर.”

“नाही, म्हणजे... गाडी चालवणारे?”

“म्हणजे मीच.”

त्याचे कान लाल झाले. चांगला उंच, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर सॅक, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात आजी. थायलंडच्या ईशान्य टोकाला, आमच्या लोईच्या बसस्टँडवर त्या सकाळी सहा पिकअप रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांच्या मागे दोन-दोन बाकं आणि वर पत्र्याचं छप्पर. बाबांची पाठ धरल्यापासून आमची गाडी मीच चालवते, पण बाहेरगावची माणसं अजूनही गाडीत बाबांना शोधतात.

आजीने मात्र ड्रायव्हरकडे पाहिलंच नव्हतं. ती सहाही गाड्यांच्या आरशांना लटकवलेले हार बघत आली होती. “हिचा मोगरा ताजा आहे,” ती म्हणाली. “देवाचं काम आहे, शिळ्या हाराच्या गाडीतून नाही जायचं.” आणि सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. नातवाला मागच्या बाकावर एकट्याला पाठवलं, छत्रीसकट.

आजीचं नाव साइयुत, नातवाचं आनोन. नाखोन सावनहून रात्रभर बसने आले होते. तो पाटबंधारे खात्यात होता, नदीचं पाणी किती चढलं ते मोजायचा. आणि काम होतं नवस फेडायचं.

“कुठल्या विहारात?” मी गाडी सुरू करत विचारलं.

“तेच तर शोधायचंय,” आजी म्हणाली.

वीस वर्षांपूर्वी आजी शेजारणींबरोबर नऊ विहारांच्या टूरला आली होती. एका दिवसात नऊ विहार, बसमधून उतरायचं, हात जोडायचे, पुन्हा बसमध्ये चढायचं. मधेच कुठेतरी घरून फोन आला. सहा वर्षांचा आनोन तापात बेशुद्ध पडला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. आजी होती तिथेच बुद्धासमोर बसली आणि नवस बोलली. संध्याकाळी पोराने डोळे उघडले. पण रडण्याच्या भरात तो विहार कुठला, हेच तिच्या लक्षात राहिलं नाही.

“वीस वर्षं का थांबलात?”

“नवसच असा आहे, की पोरगा विशीच्या पुढे गेल्याशिवाय फेडता येत नाही. मग शिक्षण, मग नोकरी.” आजीने मागे वळून मधली काच नीट बंद आहे ना ते पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. “त्याला सांगू नकोस, पळून जाईल. बरा झाला तर त्याच विहारात पूर्ण वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खू म्हणून राहील, असं बुद्धाला बोललेय मी.”

वर्षावासाला आठ दिवस उरले होते. मला काय त्याचं? तीन महिने डोकं भादरून घेणार होता तो, मी नाही. मला हसूच आलं.

पहिल्या दिवशी त्या नऊपैकी पाच विहार झाले. प्रत्येक ठिकाणी आजी बुद्धासमोर मान वाकडी करून बसायची आणि मग हळूच मान हलवायची. तिला तीनच गोष्टी आठवत होत्या. पायाखाली हिरवी थंड फरशी, दारात फणसाचं झाड आणि बुद्धाचा मोठा कान.

“आजी, सगळ्याच बुद्धांचे कान मोठे असतात,” आनोन म्हणायचा.

“माहितेय मला. मला शिकवू नकोस.”

तिसऱ्या विहाराच्या दोन्ही बाजूंना दगडी नाग असलेल्या पायऱ्या दोनशे अकरा निघाल्या. आनोनने मोजल्या होत्या. आजीला पाठीवर घेऊन तो वर गेला, आणि वर पोहोचल्यावर धापा टाकत मला म्हणाला, “तुम्ही नेहमी एवढ्या सहज चढता?”

“मी नेहमी खालीच थांबते.”

“मग आज का आलात?”

काय सांगणार? की इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला असताना हा माणूस आजीला “घट्ट धर गं, पडशील” म्हणत होता, ते मागून बघायला बरं वाटत होतं? “देवदर्शनाला,” मी म्हटलं. “आम्हालाही पुण्य लागतं.”

दुपारी धबधब्यापाशी जेवलो. चिकट भात, भाजलेली कोंबडी, कच्च्या पपईची कोशिंबीर. मी कोशिंबीर करणाऱ्या बाईला सहा मिरच्या कुटायला सांगितल्या. त्याने एक घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“नदी चढली वाटतं,” मी म्हटलं. “किती मीटर?”

“धोक्याच्या... पातळीच्या... वर,” तो कसंबसं म्हणाला, आणि पुन्हा तोच घास घेतला. हट्टी होता. मला हट्टी माणसं आवडत नाहीत असं मी तोवर सगळ्यांना सांगत आले होते.

त्यानंतर मधली काच उघडीच राहिली. तो मागून डोकं आत घालून प्रश्न विचारायचा. हे झाड कसलं, तो डोंगर कुठला, माझं नाव माखाम, म्हणजे चिंच, ते कुणी ठेवलं? मी सांगितलं, की मी जन्मले तेव्हा घरात चिंचा वाळत घातल्या होत्या. “आंबट का गोड?” त्याने विचारलं. “आमच्याकडची चिंच गोडच असते,” मी म्हटलं, “पण आधी साल काढावी लागते, आणि ते काही सगळ्यांना जमत नाही.” आजी खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा खांदा हसण्याने हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलेले चारही झाले. एकही नाही! आजीने नवव्या विहाराच्या पायरीवर बसून पायातली चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली. त्यांची परतीची बस संध्याकाळची होती.

“घरच्या विहारात फेड ना आजी, जे काही असेल ते,” आनोन म्हणाला.

“ज्याने दिलं त्याला सोडून दुसऱ्यालाच थँक्यू म्हणू?” तिचा आवाज फुटला. “राहू दे. नाही सापडत तर नाही.”

मी त्यांना टेकडीवर घेऊन गेले. दुसरं काय करणार? वर वारा होता, खाली ढग, आणि ढगांच्या फटीतून तपकिरी खोंग, म्हणजे मेकाँग नदी. पलीकडे लाओसचे डोंगर. आजी बाकावर उकडलेल्या शेंगा सोलत बसली. आम्ही दोघं कठड्यापाशी.

“माखाम...” तो नदीकडे बघत म्हणाला. “पुढच्या शनिवारी मी पुन्हा येतो.”

“नवस शोधायला?”

“नाही. असाच. आणि मागच्या बाकावर बसणार नाही.”

“पुढची जागा आजींची आहे.”

“आजीला नाही आणणार—” तो थांबला. “येऊ ना?”

पावसाचे चार थेंब आले. त्याने छत्री उघडली आणि माझ्यावर धरली, स्वतः अर्धा भिजत. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं. आणि मागून आजी म्हणाली, “अरे, दोन्ही कान नाही, एकच!”

“काय?”

“एकच कान मोठा होता बुद्धाचा. डावा. उजव्यापेक्षा दोन बोटं लांब. आत्ता आठवलं बघ शेंग सोलताना.”

मी छत्रीखालून बाहेर आले.

तो कान माझ्या बाबांनी केलाय. आमच्या गावच्या बुद्धाचा कान वादळात तुटला, तेव्हा बाबांनी सिमेंटचा नवा बसवला, मनापासून बसवला आणि दोन बोटं लांब केला. गावात म्हणतात, त्या कानाने जास्त ऐकू येतं, म्हणून नवस डावीकडे बसून बोलायचा. हिरवी फरशी आहे. फणसही आहे. फक्त आमच्या विहारात टूरच्या बस दर्शनाला येत नाहीत, संडाससाठी थांबतात. आजीने तो मोजलाच नव्हता.

मी दोघांना खाली चला म्हटलं. गाडीत बसले, गाडी उतारावर सोडली. बोलले असते तर आनोन तीन महिने भगव्या चीवरात. शनिवार नाही, छत्री नाही. आणि तीन महिन्यांनी त्याच्या मनात काय उरलं असतं कुणास ठाऊक, काहीजण तर परत येतच नाहीत, भिक्खूच राहतात. गप्प बसले असते तर तो शनिवारी येणार होता. एवढंच करायचं होतं मला. गप्प बसायचं.

खाली फाटा येतो. डावीकडे बसस्टँड, उजवीकडे आमचं गाव. मी फाट्यावर गाडी थांबवली. आरशात तो दिसत होता, आजीची चप्पल पुसत बसलेला. सहा वर्षांचा असताना या माणसाने डोळे उघडले नसते, तर आज माझ्या आरशात कुणीच नसतं. आणि ज्याने ते उघडले, त्याच्यापासूनच मी त्याला लपवून ठेवणार होते. लाज वाटली मला माझी.

मी गाडी उजवीकडे वळवली.

फणस बघूनच आजी रडायला लागली. हिरव्या फरशीवर ती गुडघ्यांवर चालत गेली आणि बुद्धाच्या डावीकडे बसून म्हणाली, “वीस वर्षं उशीर झाला. पण आणलंय बघा पोराला. बघा केवढा झालाय.” मग तिने नवस मोठ्याने सांगितला. आनोनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि विहार हाच आहे, हे?”

“टेकडीपासून.”

 त्याने वाकून आजीच्या पायांवर डोकं टेकवलं. सरकारी नोकरीत दीक्षेची रजा मिळते, ती त्याने तिथूनच फोन करून मागितली.

बाबा काठी टेकत आले होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “सव्वीस वर्षांचा आणि अजून कच्चा?” आमच्याकडे दीक्षा न घेतलेल्या पुरुषाला कच्चाच म्हणतात, आणि कच्च्याला कुणी मुलगी देत नाही. बाबा हे वाक्य गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच बोलले.

पुढचे दिवस तो विहाराच्या ओसरीत बसून पाली पाठ करत होता. दीक्षेच्या दिवशी त्याच्या केसांची पहिली बट आजीने कापली, कमळाच्या पानात ठेवली. मग एकेक जण. माझी पाळी आली तेव्हा मी कात्री हातात घेतली. त्याचे ओले केस माझ्या बोटांना लागले. “कान कापू नकोस,” तो पुटपुटला, “इथे सिमेंटचे बसवतात.” मला हसू आलं आणि रडूही. मग भंतेजींनी वस्तरा घेतला, केस गेले, भुवया गेल्या, आणि आनोन गेला.

त्यानंतर रोज पहाटे मी रस्त्याकडेला चटईवर गुडघे टेकून बसायचे, मांडीशी गरम भाताची बांबूची टोपली. रांगेत तो शेवटचा. मी भाताचा गोळा त्याच्या भिक्षापात्रात टाकायचे. बोलायचं नाही, स्पर्श तर सोडाच, त्याने वर बघायचंही नाही. मला त्याचे अनवाणी पाय तेवढे दिसायचे, आधी फोड आलेले, मग हळूहळू टणक झालेले. एकदा टाचेला कापलेलं दिसलं, तर मी बाबांच्या हाती मलम पाठवलं. दुसऱ्या दिवशी आशीर्वादाची गाथा म्हणताना शेवटचा आवाज जरा लांबला. की मलाच तसं वाटलं...

राग यायचा का? पहिला महिना यायचा. मग नाही. रोज पहाटे कुणाला तरी जेवू घालून दिवस सुरू करायचा, त्याची सवय लागली. तो जगला म्हणून भूक लागते त्याला, आणि त्या भुकेला माझ्या हातचा भात पोचतो. एवढं मिळालंय, हे कळत होतं. तरी नखं रंगवायचे मी. बघणार कुणी नव्हतं, तरी.

ऑक्टोबरात वर्षावास संपला. चार दिवसांनी, सकाळी, तो विहाराच्या पायऱ्या उतरला. पांढरा शर्ट, डोक्यावर खुरटं आणि भुवया अर्ध्याच उगवलेल्या. मी फणसाखाली गाडी पुसत होते. तीन महिन्यांत पुसली नसेल एवढी.

“तेराव्या दिवशी हिरवा होता,” तो म्हणाला.

“काय हिरवा?”

“नखांचा रंग. वाईट होता. लाल चांगला दिसायचा.”

“भिक्खूने नजर पात्रात ठेवायची असते!”

“ठेवली होती. भंतेजींना सांगितलंही सगळं. पण भात टाकणारी बोटं पात्रातच दिसतात, त्याला मी काय करू?” तो हसला, आणि मग हसू थांबलं. “फाट्यावर तू डावीकडे वळली असतीस ना... तर मी शनिवारी आलो असतो. पण आजी आयुष्यभर झुरली असती, आणि मला का ते कधीच कळलं नसतं. थँक्यू, माखाम. आणि...”

“आणि?”

“आणि माझं प्रेम आहे तुझ्यावर. मिरच्यांपासून.”

मी उत्तर देणार, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि आजी उतरली. हातात टोपली. टोपलीत उकडलेली अंडी, शंभर तरी असतील.

“कसली अंडी, आजी?” आनोन घाबरला. “आणखी कुठला नवस?”

“त्याच दिवशीचा. तू फोनवर रजा मागत होतास, तेव्हा मी पुन्हा डावीकडे बसले होते.” आजीने टोपली माझ्या हातात दिली. “ही पोरगी फाट्यावर थांबली होती. उगाच कोण थांबतं? मला कळलं सगळं. आणि तरी उजवीकडे वळली. मग मी म्हटलं, ही माझी नातसून झाली तर शंभर अंडी.”

“पण मी अजून हो म्हटलेलं नाही!”

“माझ्या स्मरणशक्तीचं तुला माहितेय. विसरायच्या आत घेऊन आले.”

ओसरीतून बाबांचा आवाज आला, “पिकलाय आता. चालेल.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इच्छा पुरी झाल्याशिवाय नवसाची अंडी बुद्धासमोर ठेवत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. टोपली अजून कोमट होती. आनोनचे कान त्या बसस्टँडवरच्यासारखे लाल झाले होते.

मी चपला काढल्या. हिरव्या थंड फरशीवरून चालत गेले, डावीकडे बसले, आणि बाबांच्या त्या लांब कानाकडे तोंड करून हळूच म्हटलं, “याचे डोळे उघडलेस त्याबद्दल आभारी आहे.” मग टोपली पुढे ठेवली.